काशीरामचा उजवा डोळा

डोळ्यावर लाथ बसली आणि तरीही दिसत राहिलं, तर तुम्ही डॉक्टरकडे जाल का? नाही जाणार. दोन दिवस पाणी माराल आणि कामाला लागाल. काशीरामने वेगळं काही केलं नाही. तेव्हा त्याला अडाणी म्हणण्याआधी स्वतःकडे बघा.

काशीराम पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका बौद्धवाडीतला. दहावी झाला आणि महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या कारखान्यात हेल्पर लागला. बिरवाडीत खोली. भाडेकरू तिघे, पण तिघांच्या पाळ्या वेगळ्या, सुट्टीचा वारही वेगळा. एक उठून गेला की दुसरा येऊन त्याच अंथरुणावर पडणार. अंथरूण गरम मिळायचं, माणूस मिळायचा नाही. वर्षभर एका खोलीत राहून तिसऱ्याचा आवाज कसा आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं.

म्हणून तो कराटेला गेला. लोक म्हणाले, मारामारीची हौस! कसली हौस? साल १९८४. महाडात एका शाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी मुंबईहून एक सर यायचे. जोडी लावताना कोणी आडनाव विचारत नसे आणि लढतीआधी दोघांनीही एकमेकांपुढे वाकायचं. काशीरामची जोडी सोनबाशी, खोऱ्यातल्या बड्या शेतकऱ्याच्या मुलाशी. "दादा, तो कमरेत वाकतो. माझ्यापुढं," हे त्याने मला, त्याच्याच वाडीतल्या वडीलधाऱ्याला, किती वेळा सांगितलं असेल!

जिल्ह्याची स्पर्धा दोन आठवड्यांवर आली होती. शहाबादी फरशीवर सराव, तोंडाला-डोक्याला काही बांधलेलं नाही. सोनबाची टाच काशीरामच्या उजव्या डोळ्यावर बसली.

"लागलं का रे?" सरांनी विचारलं.

"नाय सर."

"दिसतंय?"

"दिसतंय सर. तुमचं पोट पन दिसतंय."

हॉल हसला. लढत पुढे चालू.

दुसऱ्या दिवशी डोळा लालबुंद. डोळ्यापुढे काळी चिलटं उडत होती, कडेला मधूनच लखलख व्हायची. त्याच्या पाळीतला जुना ऑपरेटर महादू म्हणाला, "वायू लागला काय रे?"

"हां, वायूच."

"मंग धू जा. आन रडू नको, सासरी चाललास काय?"

कारखान्यात डोळ्याचं काहीही झालं तरी नाव एकच, वायू, म्हणजे टाकीतून सुटलेला गॅस. औषधही एकच, नळ. पंधरा मिनिटं डोकं नळाखाली. वायूला ते बरोबरच आहे. पण डोळ्याच्या आतला पडदा फाटला तर नळ काय करणार? महादूला ते माहीत नव्हतं. काशीरामला लाथ तरी माहीत होती! पण लाथ म्हटली की स्पर्धेतून नाव जाणार, सोनबाला क्लासमधून काढणार. वायू म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही.

खोलीवर एकटा बसला की उजवीकडून कोणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं वाटायचं. वळून बघावं, तर कोणी नाही. सावली डोळ्यातच होती. खालून, उजव्या कडेने रोज थोडी थोडी चढत होती. तो नळावर जाऊन डोळा धुवायचा.

स्पर्धेत पहिली लढत त्याने जिंकली. दुसरीत उजवीकडून आलेली लाथ त्याला दिसलीच नाही. आठवड्याने त्या डोळ्याने फक्त उजेड कळू लागला, तेव्हा मी त्याला मुंबईला मोठ्या इस्पितळात नेलं.

"मार कधी लागला?" डॉक्टरांनी विचारलं.

"वायू लागला," काशीराम म्हणाला. तिथेही!

"वायूने पडदा सुटत नाही. खरं बोल."

"...लाथ."

"किती दिवस झाले?"

"एकवीस."

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ऑपरेशन केलं. नजर आली नाही.

परतताना एसटीत मी त्याच्यावर खेकसलो, "गाढवा, मला तरी सांगायचंस!"

तो खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "सांगितलं असतं, तर तुम्ही क्लास बंद करायला लावला असता. मग रविवारी मी जानार कुटं?"

मी खरोखरच लावला असता.

सोनबा एकदाच खोलीवर आला. दारात उभा राहून कमरेत वाकला. "फार नव्हतं रे लागलं," काशीराम त्याला म्हणाला. नंतर दोघेही क्लासला गेले नाहीत. कारखान्याने काशीरामला पोती शिवायला बसवलं. रविवारी तो झोपून असतो.

आता गावोगावी असे क्लास निघालेत. निघू देत, मी आडवा येणार नाही. पण तुमच्या घरचं पोर रविवारी लाल डोळा घेऊन आलं, तर पट्टा कुठल्या रंगाचा मिळाला ते नंतर विचारा. आधी त्याचा एकेक डोळा तळव्याने झाका आणि काय दिसतं ते विचारा. चिलटं, लखलख, सावली, यातलं एक जरी म्हणालं, तर त्याच दिवशी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. आणि वाटेत त्याच्यावर ओरडू नका.