साडूंचा कान

अख्ख्या मराठवाड्यात डोळ्यांपेक्षा कानावर जास्त भरवसा ठेवणारा माणूस एकच, आणि तोच नेमका माझ्या नशिबी साडू म्हणून आला. मी नांदेडचा, ते लातूरचे. कॉलेजात इतिहास शिकवून रिटायर झालेले. पण इतिहासाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. बोलतात ते फक्त त्यांच्या फटफटीबद्दल. ब्रेक डाव्या पायाला आणि गिअर उजव्या पायाला, असल्या जुन्या काळातली ती काळी गाडी. ती बैठकीत सतरंजीवर उभी असते आणि पाहुणे जिन्यात बसतात. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो, तेव्हा समोर दोन ताटल्या आल्या. एकीत चिवडा होता. दुसरीकडे हात नेला तर साडू केवढ्यानं ओरडले, "आवं पाव्हणं, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा हायेत त्या!" त्या दिवसापासून त्यांच्या घरी मी दिव्याखाली धरून पाहिल्याशिवाय काही तोंडात घालत नाही.

त्यांचं हत्यार एकच, हातभर लांब पेचकस. टोक इंजिनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि आत काय बिघडलंय ते सांगायचं. बरं, इंजिनपुरतं थांबतील तर शपथ! माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हा माणूस मांडवामागं जाऊन जनरेटरला कान लावून बसला आणि "ह्याचा व्हॉल्व्ह जळून राहिलाय" म्हणत त्यानं जनरेटरच बंद केला. सगळीकडे अंधार गुडुप! निम्म्या अक्षता माझ्या अंगावर पडल्या, निम्म्या भटजींच्या. एकदा तर सासरेबुवा दुपारी आडवे झालेले असताना त्यांच्याच छातीला साडूंनी पेचकस टेकवला आणि म्हणाले, "मामांचा एक टॅपेट ढिला हाय." टॅपेट म्हणजे इंजिनातला व्हॉल्व्ह हलवणारा खटका, पण मामांचं अवसानच गळालं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की नुसते गॅसेस आहेत, तरी साडू म्हणतात, "डॉक्टरला काय ऐकू येतंय!"

आता तुम्हीच सांगा, असल्या माणसाला कोण शिकवायला जाणार? तिथंच तर सगळं चुकलं.

दर नवरात्रात साडू आक्काला मागं बसवून फटफटीवरून रेणापूरच्या देवीला जातात. आक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. गेल्या नवरात्रात आम्ही दोघंही लातूरला गेलो होतो. सकाळी साडूंनी गाडी चालू केली आणि मी दचकलोच. वरच्या अंगाला कोणी पितळी डब्यात खडे हलवावेत तसा आवाज! साडूंनी पेचकस लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "टॅपेट एकदम गप हायेत. निघा." मी बायकोकडं पाहिलं, बायकोनं आक्काकडं, आणि आक्कानं मुकाट्यानं मागं बैठक मारली. त्यांनी म्हटलं ना गप, मग गपच असणार. उलट माझ्याच कानात काहीतरी बिघाड असावा, असं मला खरंच वाटलं!

वाटेत लोक वळून वळून बघत होते. रस्त्याकडेची म्हैस दावं तोडायला निघाली. मागून बायकोला घेऊन स्कूटरवर येताना मी देवीचा धावा करत होतो आणि साडू मात्र मान डोलवत चाललेले. मी गाडी शेजारी नेली, तर मलाच ओरडून म्हणतात कसे, "काय गोड चालून राहिली बघा!" पुढं रेणापूरच्या अलीकडं खाड् झालं, गाडीनं कार्बोरेटरमधून एक जोरदार फटका दिला आणि ती जागेवर थांबली.

साडू उतरले. चिडले नाहीत की घाबरले नाहीत. "धूर मागनं जायचा, तर हवा आत यायच्या वाटेनं थुंकली. म्हंजी जळकी हवा बाहेर पडायची वाट बंद," म्हणाले. वरची टोपणं उघडली आणि मला हळूच किक दाबायला लावली. आत दोन दांड्या असतात. एकीनं मान हलवली, दुसरी ढिम्म. त्या दुसरीला खालून ढकलणारी सळई बाहेर काढली, तर ती धनुष्यासारखी वाकलेली. साडूंनी तिच्या टोकावरून अंगठा फिरवला आणि मास्तरी आवाजात सांगायला लागले, "ही एका दिवसात वाकत न्हाई. आधी टॅपेट ढिला व्हतो, मग सळई आपटायला लागती. ही तर महिनाभर बोंबलून राहिली असंल. बहिऱ्यालाबी ऐकू..."

वाक्य तिथंच राहिलं.

त्यांनी आमच्यापैकी एकेकाकडं पाहिलं. मी आयुष्यात इतका हादरलो नव्हतो. उन्हात उभ्या असलेल्या त्या माणसाचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"तुला ऐकू येत व्हतं?" त्यांनी आक्काला विचारलं.

"हाव," आक्का रडवेली झाली. "लई दिवसांपासनं. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक हाय. तुम्हाला कोण सांगणार?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. अलीकडं ती काहीही बोलली की साडू नुसतं "हाव" म्हणायचे. वाद नाही, भांडण नाही. म्हातारपणी नवरा सुधारला म्हणून ती बिचारी मनातल्या मनात खूश होती! त्या दिवशी देवीचं दर्शन राहिलंच. टेम्पोत फटफटीशेजारी बसून साडू लातूरपर्यंत ती वाकडी सळई हातात फिरवत राहिले.

दिवाळीनंतर त्यांच्या कानाला मशीन बसलं. मी त्यांच्यासोबतच होतो. नवी सळई कधीच येऊन पडली होती. मला वाटलं, आता घरी गेल्या गेल्या ती बसवून आधी किक मारणार. पण हा माणूस सरळ स्वयंपाकघरात गेला. आक्का भाकरी थापत होती. साडू तिच्यासमोर पाट ओढून बसले आणि म्हणाले, "बोल."

"काय बोलू?"

"काय बी बोल. इतक्या दिवसांत काय काय बोलली असशील, मी नुसतं हाव हाव केलं."

आक्का एरवी कोणाला बोलू देत नाही. पण आता तिनं पिठाच्या हातानं पदर सावरला, माझ्याकडं पाहिलं, चुलीकडं पाहिलं, आणि शेवटी कशीबशी म्हणाली, "मिरच्या संपल्यात."

मिरच्या संपल्या म्हणून ढसाढसा रडणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.