लॉटीची शिंक

लॉटी वान्सेर्स्की बाराव्या वर्षापासून ट्युबा वाजवत आली होती. विस्कॉन्सिनमधलं त्यांचं गाव पोलंडहून आलेल्यांचं. लग्न असो की चर्चची जत्रा, पोल्का नाचाशिवाय पान हलत नसे. चीज कारखान्यातली पाळी संपली, की लॉटी ते भलंमोठं पितळी धूड अंगाभोवती घेऊन गावच्या बँडमध्ये फुंकायला बसायची. शेजारी नवरा नॉर्ब, कॉन्सर्टिना म्हणजे हातात धरायची भात्याची छोटी पेटी घेऊन.

साठीला आली आणि तिचा डावा डोळा गळायला लागला. दुःख नाही, काही नाही, नुसती धार. समोरच्या कागदावरचे सूर दिसेनात.

"अगं, आम्ही लग्न लावतोय आणि तू मयताला निघालीस!" एका रविवारी लग्नात वाजवताना नॉर्ब करवादला. "डोळा दाखव आधी."

डॉक्टर आमराईनबाईंनी तपासलं. "डोळ्यातलं पाणी नाकात उतरतं, ती वाट बुजलीय. नाकातूनच दुर्बीण घालून नवी वाट काढू. चेहऱ्यावर टाकासुद्धा नाही."

"आणि माझा ट्युबा?"

"दीड महिना फुंकायचं नाही. आणि शिंक आली तर नाक दाबायचं नाही, चांगलं आ वासून शिंकायचं."

शस्त्रक्रिया झाली, लॉटी त्याच दिवशी घरी आली. नव्या वाटेत बारीकशी नळी ठेवली होती, एवढंच.

दुसऱ्या शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचा बेत होता. ट्युबाविना बँड अगदी पोकळ वाजत होता. लॉटी कोबीची कोशिंबीर वाढत होती; नॉर्बनं तिथूनच तिला ओढलं.

"तोंडाला तर बंदी नाही ना? गा."

"मी? गोठ्यात गाईंपुढं गायलेय तेवढंच!"

"त्यांनी दूध आटवलं नाही ना? मग ये!"

आईचं जुनं पोलिश गाणं तिनं चाचरत धरलं. दुसऱ्या कडव्यापर्यंत भांडी घासणाऱ्या म्हाताऱ्या ओल्या हातांनी नाचायला आल्या होत्या. तेवढ्यात शिंक आली. लॉटीनं डॉक्टरांचं ऐकलं: माइकसमोरच आ वासून अशी शिंकली, की खिडक्या थरारल्या! लोकांना वाटलं, गाण्यातलंच आहे. पुढच्या कडव्याला अख्खा हॉल एकसुरात शिंकला. लॉटी हसून हसून खाली बसली.

नळी निघाली, डोळा ठणठणीत झाला. आता ती कार्यक्रमाच्या पूर्वार्धात ट्युबा फुंकते. जोर लावला की नव्या वाटेनं डोळ्याच्या कोपऱ्यात हवेची झुळूक येऊन गुदगुल्या होतात. उत्तरार्धात गाते. तेव्हा ट्युबा नॉर्बच्या मांडीवर असतो, आणि त्यातून जे आवाज निघतात त्यांना गावात अजून कुणी सूर म्हटलेलं नाही.