ट्रॅक्टरच्या सीटा आणि आमच्या चाळीची सभा

ट्रॅक्टर मी जवळून पाहिला तो चाळिशी उलटल्यावर. पण ट्रॅक्टरच्या चार सीटा मी त्याच्या कितीतरी आधी बिघडवून ठेवल्या होत्या, आणि त्यासाठी मला लालबागच्या बाहेरही जावं लागलं नव्हतं.

माझे सासरे, अण्णा, टॅक्सीच्या सीटा शिवून द्यायचे. लालबागच्या चाळीत त्यांच्या दोन खोल्या होत्या आणि त्यांतल्या एकीत मी आणि माझी बायको कमल राहायचो. (मी घरजावई नव्हतो! स्वतःची जागा मिळेपर्यंत राहत होतो. ती मिळायला बरीच वर्षं लागली, एवढंच.) सासऱ्याच्या घरात राहणाऱ्याला अपराधी वाटायला कारण लागत नाही. दुसऱ्यांदा आमटी मागतानाही माझी वाटी अर्ध्यावर थांबायची.

त्या सुमारास नगरकडचे एक बागाईतदार, आबासाहेब, अण्णांकडे आले. त्यांचा कोबी भायखळ्याच्या बाजारात यायचा. त्याच ट्रकमधून त्यांनी ट्रॅक्टरच्या चार सीटा आणल्या. खाली पत्र्याची खोलगट परात, वर साच्यात दाबून काढलेलं जाड रेक्झिन. ते उन्हानं पापडासारखं तडकलं होतं आणि सगळ्याला कोबीचा वास होता. काम पसंत पडलं तर त्यांच्या भागातल्या सगळ्या ट्रॅक्टरवाल्यांच्या सीटा अण्णांकडे येणार होत्या. टॅक्सीवाल्यांची बोलणी ऐकून कंटाळलेले अण्णा त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यासमोर शीळ घालताना दिसले.

टॅक्सीची सीट सरळ असते. कापलं, शिवलं, झालं. ट्रॅक्टरची सीट मात्र बसणाऱ्याच्या बैठकीसारखी घडवावी लागते. अण्णांनी त्यावर युक्ती काढली. परातीत सरसाच्या चिकट पाण्यात भिजवलेला काथ्या पसरायचा, बंबातल्या कढत पाण्यात रेक्झिन मऊ करून त्यावर ताणून बांधायचं, आणि सगळं सुकेपर्यंत वर वाळूच्या पिशव्या ठेवायच्या. सुकल्यावर जो आकार येईल तो कायमचा.

आणि नेमकं तेव्हाच अण्णांचं नाव संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहाच्या तुकडीत लागलं. गळ्यात हार, कपाळाला गुलाल आणि पोलिसांच्या गाडीत एक पाय, अशा अवस्थेत त्यांनी मला जवळ बोलावलं.

"जावईबापू, काथ्या भिजवून ठेवलाय. आबासाहेब यायच्या आत सीटा बांधा. वजन ठेवा. सगळीकडून सारखं ठेवा."

मागून शंभर गळे ओरडत होते. मी त्या भरात "झालाच पाहिजे!" म्हणालो. अण्णांनी माझ्याकडे काळजीनं पाहिलं आणि गाडी हलली.

सासरा तुरुंगात आणि जावई टिफिन घेऊन ऑफिसात! माझं मन मला खाऊ लागलं. त्यामुळे चाळीच्या चौकात सभा ठरली आणि मांडव घालणारे वाळू मागायला आले, तेव्हा मला नाही म्हणवेना. मांडवाचे खांब उभे राहायला वजन हवं होतं. मी अण्णांच्या सगळ्या पिशव्या देऊन टाकल्या. देशासाठी माझं योगदान म्हणजे दुसऱ्याची वाळू!

सभेच्या दिवशी संध्याकाळी मी ऑफिसातून आलो, बंब पेटवला, हात भाजून घेत चारही सीटा बांधल्या आणि अभिमानानं कमलला हाक मारली. तिनं सीटा पाहिल्या, मग मला पाहिलं.

"छान झाल्यात. अहो, पण आता वर ठेवणार काय?"

वाळू चौकात खांबांना बांधली होती. ती सोडवली असती तर मांडव अध्यक्षांच्या डोक्यावर आला असता. रेक्झिन निवत चाललं होतं. तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडलं की खुर्च्या कमी पडताहेत, आणि माझ्या डोक्यात तो भयंकर विचार आला. वाळू नसेल, पण माणसं आहेत! आमच्या चाळीत माणसांची टंचाई कधीच नव्हती. आणि त्या दिवसांत सभा सोडून मधेच घरी जाणारा माणूस लालबागमध्ये राहत नव्हता. यापेक्षा खात्रीचं वजन कुठं मिळणार?

मी खोकी मांडली, त्यांवर सीटा ठेवल्या आणि पहिल्या रांगेचा मान म्हणून लोकांना बोलावलं. एकीवर अध्यक्ष बसले. दुसरीवर शेजारचे धोंडूतात्या आले आणि पाय वर घेऊन बसले. मी घाबरून पाय खाली सोडायला सांगितलं.

"मांडी घातल्याबगर माका भाषण आयकाक येना नाय," तात्या म्हणाले.

तिसरीवर वरळीची मालनबाय बसली. ती आमच्या चाळीत रोज मासे विकायला यायची आणि त्या दिवशी सभेसाठी थांबली होती. अजून गरम असलेल्या रेक्झिनला पाठीखालचा भाग लागताच तिनं डोळे मिटले.

"जावया, शेक बरा दिलास रं. आता मी काय उठनार नाय."

चौथी सीट उरली. तिच्यावर मी बसलो.

भाषण रंगलं. आणि मी विसरलेली गोष्ट सुरू झाली: घोषणा! "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..." म्हटलं की अख्खा चौक उठून उभा राहायचा आणि पुन्हा बसायचा. दर वेळी थोडा तिरका, थोडा दुसरीकडे. अध्यक्ष उजवीकडे झुकून बसायचे, पुढच्या घोषणेनंतर डावीकडे. अण्णा तुरुंगात असल्यामुळे मी सगळ्यांत आधी उठत होतो आणि सगळ्यांत शेवटी बसत होतो. एकटी मालनबाय बसूनच हात वर करत होती.

सकाळी सीटा दगडासारख्या कडक झाल्या होत्या. अध्यक्षांच्या सीटला दोन खड्डे आणि मधे एक टेकडी. तात्यांच्या सीटवर दोन घोटे स्पष्ट. मी त्यांवर पोतं टाकलं आणि आबासाहेबांच्या ट्रकला वाटेत काहीतरी व्हावं अशी प्रार्थना केली.

ट्रक आला. त्याच सकाळी अण्णाही सुटून आले! पोतं त्यांनीच काढलं. तुरुंगात परत जाता येईल का, असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर दिसला.

आबासाहेब अध्यक्षांच्या सीटवर बसले आणि लगेच उठले. तात्यांची सीट पाहून हसले. आमचा एक गडी मांडी घालूनच ट्रॅक्टर चालवतो, त्याला ही चालेल, म्हणाले. मग ते तिसरीवर बसले. हललेच नाहीत. हाताशी नसलेलं स्टिअरिंग त्यांनी दोनदा फिरवून पाहिलं.

"अण्णा, हिच्यावर कुनाला बसवलं हुतं? असा ठाम गडी आमच्याकडं बी न्हाई. समद्या अशाच पायजेत."

गडी नव्हे, आमची मालनबाय, हे अण्णांना कमलनं सांगितलं. पुढं कित्येक वर्षं मासे संपले की मालनबाय दुपारी अण्णांच्या कामावर यायची, कढत सीटवर बसून चहा प्यायची आणि पाठीचं दुखणं कमी झाल्याचं सांगायची. नगरकडची बरीच शेतं तिच्या बैठकीवर नांगरली गेली.

राहिली चौथी. आबासाहेबांनी तिच्यावर हात फिरवला.

"मागं कोरीच हाय ही. दाब समदा फुडच्या काठावर. ह्यो मानूस बसाया आला हुता का माफी मागाया?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच मनापासून हसले. "ही राहू द्या, आबासाहेब. ही घरची आहे."

आता अँटॉप हिलला आमची स्वतःची जागा आहे. ती सीट मी एका स्टुलावर बसवून घेतली आहे आणि हे तिच्यावरच बसून लिहितो आहे. कमल जाता येता म्हणते, "अहो, घर आपलं आहे आता. जरा मागं सरकून बसा."

मी प्रयत्न करतो. पण मागचा भाग अजून अगदी नवा आहे. उगाच खराब व्हायचा!