पायाळू पन्यांग आणि तिच्या भावाचा अडकलेला घास

पन्यांग पायाळू, जन्मताना पाय आधी आलेली. कुणाच्या घशात माशाचा काटा अडकला की अख्खा किनारा तिच्याच दारात. गळ्यावरून अंगठा फिरवला की काटा खाली. "पनाय बेटावर अशी दुसरी दाखवा, मिशी उतरवतो!" तिचा थोरला भाऊ फेलिसिमो बाजारात छाती ठोकून सांगायचा.

आणि आता त्याच्याच गळ्याखाली भात उतरेना.

"बांगूस माशाचा काटा असणार, इंदाय," तो धाकट्या बहिणीला म्हणाला. "चोळ."

तिने चोळलं. "बघ, गेला!" म्हणाला, आणि ताटातला भात गुपचूप मागच्या दारी कोंबड्यांना. कोंबड्या गुबगुबीत, भाऊ वाळका. बापही असाच वाळत वाळत गेलेला.

डॉक्टरचं नाव काढलं की हा भडकायचा. "पायाळूचा सख्खा भाऊ दवाखान्यात? लोक तुझ्या तोंडात शेण घालतील!"

मग तिने आपल्या मानोंगला, थोरल्या भावाला, थाप मारली. "मानोंग, शहरातल्या डॉक्टरीणबाईंच्याच घशात काटा अडकलाय. मला बोलावलंय. एकटी कशी जाऊ?"

फेलिसिमोने इस्त्रीचा शर्ट चढवला. शहराकडे जाणाऱ्या जीपनीत एकालाही सोडलं नाही, सगळ्यांना सांगितलं.

पन्यांगने बाईंना आधीच निरोप धाडला होता. त्यांनी त्यालाच खुर्चीत बसवलं. "पाणी उतरतं? की भातच अडकतो?"

"मला काय विचारता? काटा तुमच्या घशात!"

"पाणी जातं, भात छातीशी अडकतो," पन्यांग सुरू झाली. "जळजळ तर वर्षानुवर्षं. आणि कोंबड्या बघा याच्या, चालवत नाही त्यांना!"

"तू बघत होतीस?"

दुर्बिणीची नळी आत गेली. काटा नव्हताच. पोटातलं आंबट वर येऊन येऊन अन्ननलिका भाजली होती, आणि जखमा भरता भरता आवळली होती. बाईंनी ती आतून फुग्याने रुंद केली आणि कणभर मांस तपासायला पाठवलं. कॅन्सर तर नाही ना, ते बघायला.

तो निकाल येईपर्यंत पन्यांगने कुणाचा गळा चोळला नाही.

"वाईट काही निघालं नाही," बाई म्हणाल्या, तशी ती बाकावर बसून ढसाढसा रडली.

"काटाबिटा नव्हता हं, मानोंग," बाई हसल्या.

"असेल कसा? हिने तो केव्हाच काढला. तुम्ही नुसता रस्ता रुंद केलात."

बाईंनी जळजळीच्या गोळ्या लिहून दिल्या. "रोज घेशील?" पन्यांगने डोळे पुसत विचारलं.

"घेईन की. पण बाजारात सांगायचं, तू दिल्यास."