नदीपलीकडचा बिशप

मागच्या मे महिन्यात नदीकाठच्या एका जुन्या चर्चमध्ये मला एका बिशपची तसबीर दिसली. चेहरा सावळा, आपल्याकडचा, आणि नजर कुणापुढे न झुकलेली. चर्चची देखभाल करणाऱ्या मारियाबाय वेदीवरची फुलं बदलत होत्या.

"हा इथलाच, तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीचा," त्या म्हणाल्या. "तेव्हा इथे राज्य करणाऱ्या गोऱ्यांनी याला पाद्री करायचं नाकारलं. मग हा खुश्कीच्या वाटेने रोमला गेला आणि बिशप होऊनच परतला."

"मग मानलं त्यांनी?"

"कुठलं? कागद खोटे म्हणाले. शहरात पाऊल ठेवू देईनात."

तेव्हा तो नदी ओलांडून, गोऱ्यांची सत्ता नव्हती अशा सुलतानाच्या मुलखात गेला. तिथे त्याने झावळ्यांचं चर्च उभारलं आणि पाद्री व्हायला गेलेल्या पण गोऱ्यांनी परत पाठवलेल्या गावकऱ्यांना एकेक करून पाद्री केलं. त्याला धर्माबाहेर काढल्याचं गोऱ्यांचं पत्र आलं त्या दिवशीही त्याने वेदीवरची रोजची उपासना, मिस्सा, चुकवली नाही.

त्या दिवसांत आमची संस्था माझ्याकडे माफीनामा मागत होती. वरिष्ठांची चूक मी उघड बोललो होतो, एवढंच. देऊन टाकावा आणि सुटावं, असं मनात घोळत होतं. मी विचारलं, "शेवटी माफी मागितली का हो यानं?"

मारियाबायनी माझ्याकडे नवलाने पाहिलं.

"कशाबद्दल?"

घरी आल्यावर मी संस्थेला उत्तर म्हणून तेवढाच एक शब्द लिहून पाठवला.