आईच्या नावापुढचा रकाना

आमच्या घरची बेल दोन प्रकारांनी वाजायची. दुपारी चार ते सातच्या मधे एकदाच, हलकेच वाजली तर ती आईकडे गणिताला येणारी मुलं. बाकी कधीही, कशीही वाजली की आम्ही आधी एकमेकांकडे बघायचो, मग कुणीतरी चवड्यांवर जाऊन दाराच्या भिंगातून बघायचं. गॅसवाला असायचा, नाहीतर समोरच्या घरी आलेला चुकार पाहुणा. नव्वदच्या दशकातल्या अबुधाबीत, चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, मी अशी बेलला घाबरत मोठी झाले.

आई एम.एस्सी., बी.एड. पुण्यात सात वर्षं शाळेत गणित शिकवून ती बाबांच्या नोकरीपायी इकडे आली. बाबा एका तेल कंपनीच्या कंत्राटदाराकडे इंजिनियर होते आणि आई त्यांच्या व्हिसावर. तिच्या पासपोर्टातला शिक्का स्वच्छ सांगत होता: गृहिणी, काम करण्याची परवानगी नाही. तिने वर्षभर ते पाळलं. मग खालच्या मजल्यावरची एक मुलगी अपूर्णांकांपायी रडताना तिला लिफ्टमध्ये भेटली आणि दोन वर्षांत बिल्डिंगमधली आठ मुलं आमच्या हॉलमध्ये चटईवर बसू लागली. आई पांढऱ्या फळ्यासमोर उभी राहिली की तिचा आवाजच वेगळा व्हायचा. मला तो आवाज फार आवडायचा आणि तो भिंतीपलीकडे जाईल याची तितकीच भीती वाटायची.

कारण बाबा म्हणायचे, "एक कम्प्लेंट गेली ना, की खलास. व्हिसा कॅन्सल. चोवीस तासांत बॅगा भरायच्या." हे खरं होतं की बाबांच्या भित्र्या स्वभावाची भर, ते मला आजही माहीत नाही. तेव्हा मात्र चोवीस तासांत काय काय भरता येईल याची यादी माझ्या डोक्यात तयार होती. बाल्कनीत पडून असलेली माझी सायकल त्या यादीत नव्हती, म्हणून मी ती कधी मनापासून आपली मानली नाही.

मी आठवीत असताना जनगणना आली. लिफ्टजवळ अरबी आणि इंग्रजीत कागद लागला. दोन माणसं प्रत्येक दारावर नंबराचं स्टिकर चिकटवून गेली. शाळेतून आल्यावर मी त्या स्टिकरकडे बघत उभी राहिले. जिन्यातल्या सगळ्याच दारांवर तसं होतं, पण मला वाटलं की हे आमच्यासाठीच लावलंय.

नेमकं त्याच आठवड्यात शाळेत मला पाच मिनिटांचं भाषण तयार करायला सांगितलं. लायब्ररीतल्या एका जाड पुस्तकात मला इंग्लंडमधल्या बायकांची हकीकत सापडली. त्यांना मताचा अधिकार नव्हता. सरकारने जनगणना काढली तेव्हा त्या म्हणाल्या, मत देताना आम्ही माणसांत नाही, तर मोजतानाही आम्हाला धरू नका. कुणी त्या दिवशी घर सोडून गेल्या, कुणी एकीच्या घरी जमून राहिल्या. एक तर म्हणे पार्लमेंटच्याच इमारतीत एका कपाटात लपून बसली. मला हे भलतंच थरारक वाटलं. आई भेंडी चिरत होती, तिला मी ते सगळं वाचून दाखवलं.

आईने सुरी खाली ठेवून ऐकलं. मग म्हणाली, "लपायचं कशाला पण? दार उघडायचं आणि सांगायचं ना, की असं लिही म्हणून."

"मम्मी, दे वुड गेट अरेस्टेड!"

"मग होऊ दे की," असं म्हणून तिने पुन्हा भेंडी घेतली. मी पुस्तक मिटलं. आपण उगाच हिला वाचून दाखवलं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

बाबांनी त्या दिवसांत जेवणाच्या टेबलावर तालीम सुरू केली. ते स्वतःच प्रश्न विचारायचे, स्वतःच उत्तर द्यायचे. "वाइफ? हाउसवाइफ. डॉटर? स्टूडंट. बास, झालं, थँक यू."

"एकदा मलाही विचारा की, मी काय करते ते," आई म्हणाली.

"अगं, त्या कागदावर काय लिहिलंय याने कुणाला फरक पडतो?"

"नाही ना पडत? मग टीचर लिहा."

बाबांचा घास हातातच राहिला. "तू ना, तो माणूस येईल तेव्हा किचनमधून बाहेरच येऊ नकोस. तुझ्या तोंडावर सगळं दिसतं. प्लीज."

आईने मुलांना आठवडाभर सुट्टी दिली. पांढरा फळा पलंगाखाली गेला आणि मुलांच्या वह्या बाबांनी वॉशिंग मशिनमध्ये ठेवल्या, त्यामुळे चार दिवस कपडे हातानेच धुवावे लागले. आईने आदळआपट न करता ते धुतले. तिचं हे न बोलणं मला फार खुपत होतं. मी मनातल्या मनात त्या पुस्तकाला शिव्या घालत होते.

तो माणूस आला गुरुवारी, साडेपाचला, आणि तो माणूस नव्हताच. दारात काळ्या अबायातली एक तरुण बाई होती, खांद्याला बॅग, हातात फाइल. तिच्याबरोबरचा पांढरा पायघोळ कंदुरा घातलेला गृहस्थ बाहेरच थांबला. बाबांनी सगळ्याची तयारी केली होती, फक्त बाई येईल हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि तो मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता. हॉलच्या कोपऱ्यात घट मांडलेला, सात वाजता बायका हळदीकुंकवाला यायच्या होत्या, आत दूध आटत होतं. त्या दिवशी घरी आलेल्या बाईला आई रिकाम्या तोंडाने जाऊ देईल, हे होणं नव्हतं.

मला बाबांनी त्या बाईच्या शेजारीच बसवलं. "माय डॉटर. अरेबिकमध्ये नाइन्टी मार्क्स," ते म्हणाले. कौतुकाची ही वेळ नव्हती, पण भीतीने ते जास्तच बोलायचे. आमच्या शाळेत अरबी सक्तीची होती. अर्थ सगळा कळायचा नाही, पण वाचता बऱ्यापैकी यायचं.

ती बाई हसून म्हणाली की तीही शाळेतच शिकवते, सध्या या कामावर आहे. मग प्रश्न सुरू झाले. नाव, वय, देश. बाबा प्रत्येक उत्तराबरोबर एक झेरॉक्स पुढे करत होते. आईच्या शिक्षणाशी आल्यावर ते "एम.एस्सी." म्हणाले आणि त्यांच्या आवाजात किंचित ऐट आली.

"काम करती हैं?" तिने हिंदीत विचारलं.

"नो, नो. हाउसवाइफ."

तिने पेन टेकवलं, तेवढ्यात किचनचं दार उघडलं. आई ट्रे घेऊन आली. केशराचं दूध आणि दोन केळी. ट्रे ठेवून तिने आत जायचं होतं, तेवढं बाबांनी डोळ्यांनी सांगितलंही. आई गेली नाही.

"यू आर टीचर?" तिने त्या बाईला विचारलं. म्हणजे दाराआडून सगळं ऐकत होती.

"यस. मॅथ्स."

आई समोरच्या खुर्चीवर बसली. पदर सारखा केला आणि म्हणाली, "आय ऑल्सो टीच मॅथ्स. हियर. इन धिस हाउस."

बाबांच्या मांडीवरची फाइल घसरून खाली पडली. ती उचलायलाही कुणी वाकलं नाही. मला वाटलं, आता झालं. ही उठणार, बाहेरच्या गृहस्थाला हाक मारणार. मी डोक्यातली यादी वरपासून म्हणायला लागले.

त्या बाईने बाबांकडे पाहिलं, मग आईकडे. "कितने बच्चे?"

"आठ."

"मेरे पास चालीस हैं," ती म्हणाली, दुधाचा एक घोट घेतला आणि लिहायला लागली. उजवीकडून, सावकाश. मी मान न वळवता बघत होते. पहिली अक्षरं उमटली तेव्हाच मला शब्द ओळखू आला, कारण दरवर्षी अरबीच्या वहीच्या पहिल्या पानावर तो छापलेला असायचा आणि त्याच्यापुढे आम्ही आमच्या बाईंचं नाव लिहायचो. मुअल्लिमा. शिक्षिका.

तिने दूध संपवलं, एक केळं बॅगेत टाकलं आणि गेली. दार लागल्या लागल्या बाबा माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा पिवळा पडला होता. इतके घाबरलेले बाबा मी कधी पाहिले नव्हते.

"काय लिहिलं तिने? तू बघितलंस ना? वाच ना, काय लिहिलं?"

आई रिकामा ग्लास हातात घेऊन उभी होती. तीही माझ्याकडेच बघत होती.

"हाउसवाइफ," मी म्हणाले.

बाबा धप्पकन सोफ्यावर बसले आणि त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "समजूतदार आहे बाई," ते दोनदा म्हणाले.

"नक्की?" आईने विचारलं.

"येस, मम्मी. आय सॉ इट."

आईने ग्लास विसळून पालथा घातला. सात वाजता बायका आल्या. तिने सगळ्यांना हळदीकुंकू लावलं, दूध दिलं, नेहमीसारखी हसली. दुसऱ्या आठवड्यात मुलं आली तेव्हा तिने दारातच सांगितलं की पाठ दुखते, आता क्लास बंद. फळा पलंगाखालीच राहिला. मी माझं भाषण केलं, लपून बसलेल्या शूर बायकांवर, आणि मला सर्टिफिकेट मिळालं. बाबांनी ते लॅमिनेट करून आणलं.

पुढची जनगणना आली तेव्हा मी शारजात राहायचे आणि हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत डिझायनर होते. सुट्टीला घरी आले होते, आणि आईने स्वतः दार उघडलं. या वेळी एक मध्यमवयीन गृहस्थ होते. त्यांनी नाव विचारलं, आईने सांगितलं आणि पुढचा प्रश्न यायच्या आत म्हणाली, "हाउसवाइफ." कुणी किचनमध्ये बस म्हटलं नव्हतं. बाबा तर घरातही नव्हते.

ते गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. ऐकताना तिचे हात थांबले नाहीत, पण शेंगा संपल्या तरी ती टरफलं चाचपत राहिली.

"म्हणजे ती बाई मला टीचर लिहून गेली होती."

"हो."

"आणि कुणी आलं नाही. कॅन्सल-बिन्सल काही झालं नाही."

"नाही झालं."

"मी इतकी वर्षं समजत होते की तिने माझं ऐकूनच घेतलं नाही," आई म्हणाली. "माझ्याच घरात बसून, माझं दूध पिऊन, मी सांगितलेलं तिने मोडीत काढलं. मग म्हटलं, कशाला हट्ट करायचा."

मी सॉरी म्हणाले. बाबा किती घाबरले होते, ते सांगू लागले.

"बाबांसमोर खोटं बोललीस ते समजलं मला. लहान होतीस." तिने माझ्याकडे पाहिलं. "पण पुढच्या आठवड्यात बाबा ऑफिसला गेले होते. मी मुलांना परत पाठवलं, तेव्हाही तू तिथेच उभी होतीस. मला एकटीला का नाही सांगितलंस?"

याचं उत्तर मला माहीत होतं आणि ते तिला देणं जमलं नाही. मुलं परत गेली त्या दिवसापासून आमच्या घरची बेल एकाच प्रकारे वाजू लागली होती आणि लपवायला काही न उरल्याने मी दचकायची थांबले होते. मला ते हवं होतं. सायकलसुद्धा मी त्याच महिन्यात बाहेर काढली.