सकाळचं दूध
ताज्या धारेच्या दुधाचा वास आला की मला भवानीनगरच्या आमच्या घरातल्या त्या सकाळी आठवतात. ह्यांना, म्हणजे माझ्या मालकांना, पार्किन्सन झाला होता. कारखान्यातले त्यांचे एक जुने सोबती रोज सातला घरच्या गाईचं दूध घेऊन येत. मी ते तापवून दोघांना देई, आणि थरथरत्या हातानं निम्मं सांडत का होईना, हे त्याच दुधाबरोबर गोळी घेत. पुढं बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, दुधामुळं गोळी नीट लागू पडत नाही. ती नुसत्या पाण्याबरोबर द्या, दूध-डाळ रात्रीच्या जेवणात ठेवा. दुसऱ्या दिवशी मी फाटकातच म्हणाले, "भावजी, उद्यापासून सकाळी दूध आणू नका." ते हातातल्या चरवीकडं बघत "बरं, वहिनी" म्हणाले आणि आत न येताच वळले. आठवड्याभरात ह्यांचे पाय मोकळे झाले, शर्टाची बटणं स्वतः लावायला लागले. मी हरखून म्हणाले, "बघा, आता उंबऱ्याशी अडत न्हाय तुमी." ह्यांची नजर रस्त्याकडं होती. "व्हय, पाय सुटलं. पर त्यो का येईना झालाय?" मी निरोप धाडला, तर ते लेकीकडं इंदापूरला कायमचे राहायला गेलेले. फाटकात मी काय बोलले, ते ह्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. आता घरात बोलायला कुणी नसतं, तेव्हा वाटतं, त्या दिवशी आणखी एवढंच म्हणायला हवं होतं: दूध नको, पण तुम्ही येत जा.